कॅरव्हॅन ट्रेलर : भूमि-अंतर व निलंबन

मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेता येणाऱ्या, आत झोपण्याची, स्वयंपाकाची व बसण्याची सोय असलेल्या चाकांवरील घराला कॅरव्हॅन ट्रेलर म्हणतात. वाहनाचा सर्वांत खाली आलेला टणक भाग व रस्त्याचा पृष्ठभाग यांमधील मोकळ्या उभ्या अंतराला भूमि-अंतर म्हणतात. ज्या स्प्रिंगा, आस व जोडण्या यांच्या योगाने वाहनाचा सांगाडा चाकांवर तोललेला असतो, त्या सर्व योजनेला निलंबन ही संज्ञा आहे. ट्रेलरचे भूमि-अंतर हे चाकाचा व्यास, आसाचा आकार व स्प्रिंग आसाच्या वर आहे की खाली या तीन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते. यांपैकी तिसरी गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु ट्रेलर उंच करण्याच्या खटाटोपाचा बराचसा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

पूर्वपीठिका : घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांच्या काळात भूमि-अंतर हा प्रश्नच नव्हता. चाके मोठी असत आणि आस चाकाच्या मध्यातून जात असल्यामुळे तो आपोआपच उंचावर राही. दख्खनच्या बैलगाडीची चाके माणसाच्या छातीइतकी उंच असत, त्याचे कारणही हेच होय. गाडवाटेच्या दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा जो उंचवटा तयार होतो, त्यावर कणा घासू नये आणि ओढ्यातून जाताना माल भिजू नये एवढी उंची गाडीवानाला लागे व ती चाकातूनच मिळे. इंग्लंडमधील रोमानी लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्या घोडागाडीवजा घरांतून राहू लागले, त्यांपैकी रेडिंग या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात चाके गाडीच्या पेटीच्या बाहेर बसविलेली असत. त्यामुळे ती हवी तेवढी मोठी ठेवता येत व गाडी उथळ नदीतून पार नेता येई. (रोमानी लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली प्रसिद्ध कॅरव्हॅन म्हणजे ‘वाँडरर’. नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक व लेखक गॉर्डन स्टेबल्स (१८४०–१९१०) यांनी ती १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील वॅगन कारखान्याकडून तयार करवून घेतली आणि दोन घोडे जुंपून त्याच वर्षी बर्कशरमधील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. तिचे वजन भरल्यावर सु. दोन टन होई. अरुंद रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांना सूचना देण्यासाठी एक सेवक तिचाकी सायकलवरून पुढे जात असे. अशा प्रवासाची गोडी लागलेल्यांनी १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन क्लबची स्थापना केली. १९१९ नंतर बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीने ओढावयाच्या कॅरव्हॅन व्यापारी प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला आणि तेथून चाक लहान होऊ लागले.

सांगाडा खाली कसा आला : मोटारीचा वेग वाढला तशी वाहन खुजे असण्याची गरज भासू लागली. उंच गाडी वळणावर कलते व वाऱ्याला अधिक अडथळा करते. सांगाडा आसाच्या वर ठेवण्याऐवजी आसाखाली टांगण्याचा प्रयोग अमेरिकेत इंडियानापोलिस येथील अमेरिकन मोटार कार कंपनीने केला. फ्रेड टोन यांनी आखलेली तिची ‘अंडरस्लंग’ ही गाडी १९०७ च्या सुमारास बाजारात आली. सांगाडा खाली गेल्याने कमी झालेले भूमि-अंतर भरून काढण्यासाठी तिला ४० इंच (सु. १०२ सेंमी.) व्यासाची चाके बसविली होती. कंपनी १९१४ मध्ये बुडाली, पण सांगाडा खाली टांगण्याची कल्पना टिकली. एका हाताने उंची काढून घ्यावयाची व दुसऱ्या हाताने ती परत द्यावयाची, हा जो हिशेब या गाडीत दिसतो तो पुढील ट्रेलरच्या इतिहासात वारंवार आढळतो. फरक इतकाच, की ट्रेलरकारांनी पुष्कळदा उंची काढून घेतली, मात्र मोठ्या चाकांच्या रूपाने ती परत दिली नाही.

अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात हौशी लोक जुन्या फोर्ड मोटारींचे आस वापरून घरच्या घरी ट्रेलर बांधीत. विमान-उद्योजक ग्लेन कर्टिस (१८७८–१९३०) यांनी १९२८ मध्ये ‘एरोकार’ हा सुबक ट्रेलर बाजारात आणला. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या कुटुंबासाठी एक पेटीवजा ट्रेलर बांधला आणि त्यातूनच ‘कव्हर्ड वॅगन’ हा त्या काळातील मोठा कारखाना उभा राहिला. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव वॉली बायम (१८९६–१९६२) यांचे आहे. त्या वेळच्या ट्रेलरची जमीन आसाच्या वर असे. त्यामुळे आत ताठ उभे राहता येत नसे. बायम यांनी आत उभे राहून वावरता यावे म्हणून जमीन दोन चाकांच्या मध्ये खाली उतरविली आणि छत वर नेले. गृहिणीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. पण जमीन खाली आली म्हणजे तिच्याखालचा सांगाडा, पाण्याची टाकी व सांडपाण्याचे नळही खाली आले. भूमि-अंतराचा प्रश्न ट्रेलरच्या बाबतीत खऱ्या अर्थाने येथे जन्माला आला, असे म्हणता येईल.

बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी काढली. हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानाच्या धर्तीवर बांधलेला ‘रोड चीफ’ हा ट्रेलर व त्यावरून विकसित झालेला एअरस्ट्रीमचा ‘क्लिपर’ (१९३६, किंमत १,२०० डॉलर) यांत गोलाकार, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची व रिव्हेटांनी जोडलेली पेटी रूढ झाली. वाऱ्याचा अडथळा कमी करावयाचा तर पेटी जमिनीलगत हवी, हे या रचनेत गृहीतच होते. पुढे १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, तेव्हा गुळगुळीत रस्त्यावर खुजा ट्रेलर हाच शहाणपणाचा ठरला. बहुसंख्य कारखान्यांनी आस स्प्रिंगच्या वर बसविण्याची, म्हणजे स्प्रिंग आसाच्या खालून नेण्याची पद्धत स्वीकारली. पायरी एकच पुरे, दारात चढणे सोपे आणि गाडी स्थिर, असे तिचे तिहेरी समर्थन केले जाई व डांबरी रस्त्यापुरते ते खरेही होते.

महामार्गाबाहेरील कसोटी : बायम यांना स्वतःला महामार्गावर थांबावयाचे नव्हते. त्यांनी १९५१ मध्ये मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांत ट्रेलरचा एक मोठा तांडा नेला. निघताना त्यात ६३ ट्रेलर होते. निकाराग्वातील मानाग्वा येथे त्यांपैकी केवळ १४ पोहोचले. ही संख्या बोलकी आहे. मध्य अमेरिकेतील तत्कालीन रस्त्यांवर खडक, खोल चाकोऱ्या व पुलाविना ओलांडावयाचे ओढे होते आणि ट्रेलर तर डांबरी रस्त्यासाठी बांधलेले होते. ट्रेलरच्या मागील टोकाचा भाग आसापासून बराच मागे गेलेला असतो. ओढ्यातून वर चढताना पुढची मोटार काठावर व ट्रेलरची चाके पात्रात असली, की हे टोक जमिनीवर टेकते आणि सर्व भार सांगाड्याच्या सर्वांत दुबळ्या जागी येतो. अशा प्रवासातून मिळालेले धडे कारखान्यात सांगाडा व जोडण्या बळकट करण्यासाठी वापरले गेले.

त्यानंतरचा अधिक धाडसी प्रवास म्हणजे १९५९–६० मधील केप टाउन ते कैरो हा होय. त्यात ४१ ट्रेलर होते व एकूण अंतर १४,३०७ मैल (सु. २३,००० किमी.) भरले. आदिस अबाबा येथे सम्राट हेले सेलासी यांनी या तांड्याची भेट घेतली. बायम यांनी आपल्या प्रवासांविषयीचे पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९६३–६४ मध्ये सिंगापूरपासून लिस्बनपर्यंत गेलेला जागतिक तांडा भारतातूनही गेला होता. या प्रवासांच्या छायाचित्रांत चकचकीत पेट्यांकडेच लक्ष जाते. परंतु तंत्रज्ञाने पाहावयाचे ते त्यांच्या पोटाखाली. तेथे सांगाड्याला मिळालेले अंतर किती तोकडे होते हे दिसते व या लोकांच्या चिकाटीचे नवल वाटते.

दुसरी परंपरा लष्करातून आली. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जोडण्यासाठी बांधलेल्या पाव टनी ट्रेलरला जीपचीच ६·००–१६ मापाची चाके बसविली होती आणि दोन चाकांमधील अंतरही जीपइतकेच ठेवले होते. त्यामुळे जेथून जीप जाई तेथून तिच्याच चाकोरीतून ट्रेलर जाई, आणि टायर फाटल्यास एकच जादा चाक दोहोंना चाले. रस्ता सोडून जाणाऱ्या ट्रेलरचे हे सूत्र आजही पाळले जाते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागातील गिब रिव्हर मार्गासारख्या कच्च्या रस्त्यांवर मैलोगणती आडव्या लाटा उमटलेल्या असतात. तेथील बांधणीकारांनी पट्टी स्प्रिंग व सरळ आस यांऐवजी प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा, मळसूत्री स्प्रिंग व आघातशोषक देऊन, चाकांदरम्यानचा आसच काढून टाकला. आस नाही म्हणजे मध्यभागी घासण्यासारखे काही उरत नाही. भूमि-अंतराच्या प्रश्नाचे हे सर्वांत समाधानकारक पण महागडे उत्तर होय.

पट्टी स्प्रिंगचा ट्रेलर उंच करणे : ज्यांच्याजवळ नेहमीचाच ट्रेलर आहे, त्यांच्यासाठी सोपा उपाय म्हणजे स्प्रिंग आसाच्या खालून काढून वर बसविणे. पट्टी स्प्रिंग म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. मराठी कारागीर त्यांना पाटे म्हणतात. जुडग्याची दोन्ही टोके सांगाड्याला जोडलेली असतात आणि मधला भाग यू-आकाराच्या बोल्टांनी आसाच्या नळीला आवळलेला असतो. स्प्रिंग आसाखाली असताना सांगाडा जेवढा खाली असतो, त्यापेक्षा स्प्रिंग वर घेतल्यावर तो आसनळीचा व्यास, पाट्यांच्या जुडग्याची जाडी व दोन बैठकींची उंची यांच्या बेरजेइतका वर जातो. हलक्या ट्रेलरची आसनळी सु. ६० मिमी. व्यासाची असते. जुडग्याची जाडी २६ मिमी. आणि बैठकींची मिळून उंची २० मिमी. धरल्यास १०६ मिमी. वाढ मिळते. जड ट्रेलरच्या ७६ मिमी. व्यासाच्या नळीत ती १२ सेंमी.च्या पुढे जाते. चाके, स्प्रिंगा किंवा आस यांपैकी काहीही न बदलता एवढी वाढ अन्य कोणत्याही उपायाने मिळत नाही.

येथे एक चूक होण्याचा धोका फार मोठा आहे. आस सोडवून तो उलटा फिरविला म्हणजे बैठक आपोआप वर येईल व वितळजोडकाम वाचेल, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पण ट्रेलरचा आस वाटतो तसा सरळ नसतो. त्याला मध्यभागी वर उचललेला किंचित बाक दिलेला असतो. भार पडला की तो बाक सपाट होतो आणि चाके उभी राहतात. आस उलटा केला म्हणजे हा बाक खाली जातो. मग भार पडल्यावर चाके वरच्या बाजूला आत झुकतात, टायरची आतली कड झिजू लागते आणि चाकाच्या धारव्यांवर चुकीच्या दिशेने भार येतो. काही आसांची टोके मधल्या भागापेक्षा वर वळविलेली असतात. असा आस उलटा केल्यास मधला भाग वर जातो व टोके खाली येतात; उंची खूप मिळते, पण बाक बिघडतो तो बिघडतोच. शिवाय ट्रेलरचे विजेवर चालणारे ढोल-ब्रेक उजव्या व डाव्या चाकांसाठी वेगळे असतात. आस उलटविताना त्यांची जागा किंवा दिशा चुकली तर ब्रेक नीट धरत नाहीत, आणि हे घाटाच्या उतारावरच कळते. म्हणून आस आहे त्याच स्थितीत ठेवून त्याच्या वरच्या अंगाला नवी बैठक बसविणे हाच योग्य मार्ग होय. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९६० मध्ये स्थापन झालेल्या डेक्स्टर या आस बनविणाऱ्या कंपनीने या कामासाठी तयार बैठकी व लांब बोल्ट यांचा संचच पुरविण्यास सुरुवात केली. त्यामागील हेतू हाच की आसाला हात लावू नये.

नव्या बैठकीचे वितळजोडकाम हे कसबाचे काम आहे. बैठका आसाच्या लांबीत अचूक जागी व एकाच कोनात बसल्या नाहीत, तर एक चाक दुसऱ्यापेक्षा पुढे राहते आणि ट्रेलर सरळ न जाता तिरका चालतो. नळीभोवती आडवा जोड दिल्यास नळी तेथेच दुबळी होते. जोड लांबीच्या दिशेने द्यावा लागतो. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये चारही बैठकी एकसारख्या असाव्या लागतात.

रबरी पीळ-आस : एअरस्ट्रीमने १९६१ मध्ये पट्टी स्प्रिंग सोडून रबरावर चालणारा आस स्वीकारला. यात एका नळीच्या आत कोनयुक्त छेदाची दुसरी कांब असते आणि दोहोंमधील जागेत रबराच्या कांड्या दाबून बसविलेल्या असतात. आतल्या कांबीच्या टोकाला एक आखूड भुजा व भुजेला चाक. चाक वर उचलले की कांब फिरते, रबर चेपले जाते व धक्का शोषला जातो. पाटे, खिळी, बिजागऱ्या असे काहीच नसल्याने वंगणाची कटकट नाही आणि धावही मऊ. मात्र रबर कायमचे टवटवीत राहत नाही. ते वर्षानुवर्षे भाराखाली राहिले की चेपल्या जागीच घट्ट होते, भुजा वर कलते व ट्रेलर खाली बसतो. जुन्या एअरस्ट्रीमचे मालक भूमि-अंतर कमी पडते अशी तक्रार करतात, तेव्हा पुष्कळदा ट्रेलर मुळात खुजा नसून आसच म्हातारा झालेला असतो. अशा वेळी पाचर घालून उंची वाढविणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर इलाज करणे होय. आस बदलणे हाच उपाय.

नवा आस घेताना भुजेचा मूळ कोन निवडता येतो. भार नसताना भुजा आडव्या रेषेखाली २२·५° असेल त्याऐवजी ४५° घेतली, तर १५ सेंमी. लांबीच्या भुजेमागे सु. ४·९ सेंमी. उंची वाढते. दुसरा मार्ग म्हणजे आसाची कंसपट्टी व सांगाडा यांच्यामध्ये पोलादी ठोकळा घालून लांब बोल्टांनी आवळणे. या नळीवर वितळजोडकाम मात्र कदापि करू नये, कारण उष्णतेने आतील रबर नष्ट होते. २०१० नंतरच्या दशकात खुद्द एअरस्ट्रीमनेच आपल्या ‘बेसकॅम्प’ या छोट्या ट्रेलरची ३ इंचांनी उंच केलेली व जाड टायरांची आवृत्ती विकावयास काढली. बायम यांनी जमीन खाली उतरविल्यावर सु. ऐंशी वर्षांनी त्यांच्याच कंपनीने ती थोडी वर उचलली, असा हा योगायोग आहे.

परिणाम : उंची फुकट मिळत नाही. ट्रेलर कलंडण्यास होणारा विरोध हा दोन चाकांतील निम्मे अंतर व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. दोन चाकांतील अंतर १८० सेंमी. व गुरुत्वमध्य ११० सेंमी.वर असल्यास हे गुणोत्तर ०·८२ येते. ट्रेलर १२ सेंमी. उंच केल्यावर ते ०·७४ होते, म्हणजे सु. दहा टक्क्यांनी घटते. सावकाश जाणाऱ्यास ही घट जाणवणार नाही. महामार्गावर वेगाने जाताना आडवा वारा लागला अथवा शेजारून मोठा ट्रक गेला, की ती जाणवते. ‘चारच बोटे तर उंच केला’ असे म्हणून वेग पूर्वीइतकाच ठेवणारा मनुष्य या गुणोत्तराशीच खेळत असतो.

ट्रेलर उंच झाला म्हणजे मोटारीवरील जोडणीचा गोळाही तेवढाच उंच करावा लागतो; नाहीतर ट्रेलर नाक खाली घालून चालतो. पट्टी स्प्रिंगांच्या दोन आसांमध्ये डोलणारा दुवा असतो व तो दोन्ही आसांवर भार बऱ्याच अंशी सारखा वाटतो. रबरी पीळ-आस मात्र एकमेकांपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे नाक खाली गेले की पुढच्या आसावर जादा भार येतो, टायर तापतात व फुटू शकतात. हा दोष मागून पाहणाऱ्यालाही सहज दिसत नाही, म्हणून तो अधिक वाईट. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर असावा हा अमेरिकेतील रूढ संकेत आहे व उंची बदलल्यावर तो पुन्हा मोजणे आवश्यक असते. यांखेरीज ब्रेकच्या विजेच्या तारा ताणल्या जाणे, पायरी जादा लागणे, उभे करण्याचे टेके अपुरे पडणे अशा किरकोळ अडचणी येतात.

म्हणूनच अनुभवी कारागीर आस सोडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासतात. पाट्यांची कमान सपाट झाली आहे काय, चाकाच्या घरात थोडे मोठे टायर मावतील काय आणि खाली घासणारा भाग सांगाडा आहे की केवळ सांडपाण्याचा नळ. तिसऱ्या प्रसंगी नळ वर घेतला आणि मागच्या टोकाला घसरपट्टी किंवा लहान रूळ लावला, की पुष्कळदा काम भागते.

भारतातील स्थिती : भारतात ओढून नेण्याच्या कॅरव्हॅन फारशा रुळल्या नाहीत. महाराष्ट्रात ट्रेलर म्हटले की उसाने लादलेला ट्रॅक्टरचा ट्रेलर डोळ्यांपुढे येतो. त्याची चाके मोठी असल्याने त्याला भूमि-अंतराची चिंता नसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. येथील रस्त्यांवर खड्ड्यांइतकाच अडथळा गतिरोधकांचा असतो. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३·७ मी. रुंद व मध्यभागी १० सेंमी. उंच असावा. असा गतिरोधक खुजा ट्रेलरही न घासता ओलांडू शकतो. गावोगावी डांबराचे वा सिमेंटचे जे आखूड व उभट उंचवटे घातलेले असतात, ते मात्र या मापात बसत नाहीत. मोटार त्यांवरून सुखरूप उतरते आणि ट्रेलरचे मागचे टोक, चाके पलीकडे उतरल्याबरोबर, त्यांच्यावर आदळते.